इंजिन बंद पडल्याची बातमी दुसऱ्या दिवशी संपते, तपास नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हवेत विमानाचं इंजिन बंद पडलं की दोन वाक्यं ठरलेली असतात. एअरलाइन म्हणते तांत्रिक कारणामुळे विमान परत आणलं, सगळे सुखरूप, आणि पेपर-चॅनल म्हणतात शेकडो प्रवाशांचा जीव टांगणीला, मोठा अनर्थ टळला. दोन्ही वाचूनसुद्धा नक्की काय झालं ते कळत नाही, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण सांगण्यासारखं खूप असतं.

इंजिन गेलं म्हणजे विमान कोसळणार असं नसतं, हे एक वाक्य तरी बातमीत असायलाच हवं. टेक-ऑफला व्ही-वन स्पीड (म्हणजे ज्याच्यापुढे टेक-ऑफ सुरक्षितपणे थांबवता येत नाही तो वेग) ओलांडल्यावर एक इंजिन गेलं तरी विमान उरलेल्या इंजिनावर वर चढलंच पाहिजे असा नियम आहे आणि पायलट सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा हाच सराव करतात. शिवाय मोठा आवाज होऊन मागून ज्वाळा दिसल्या की लगेच 'इंजिनाला आग' असं छापतात, पण बऱ्याचदा तो कॉम्प्रेसर स्टॉल असतो, आतला हवेचा प्रवाह बिघडतो आणि पॉवर कमी केली की पुष्कळदा थांबतो. इंजिन फुटून तुकडे बाहेर उडाले तर मात्र ते खरंच गंभीर. 2018 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या साउथवेस्ट एअरलाइनच्या विमानात फॅन ब्लेड (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचं पातं) तुटला, खिडकी फुटली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. दोन्ही प्रकारांना एकच हेडलाइन कशी चालेल?

सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. फेब्रुवारी 2021 मध्ये डेन्व्हरहून होनोलुलूला निघालेल्या अमेरिकेच्याच युनायटेड एअरलाइनच्या बोइंग 777 चं इंजिन फुटलं, तुकडे खाली घरांच्या अंगणात पडले, आत बसलेल्या प्रवाशाने काढलेला जळत्या इंजिनाचा व्हिडिओ जगभर फिरला. पण त्याच कंपनीच्या 777 चं त्याच जातीचं इंजिन फेब्रुवारी 2018 मध्ये होनोलुलूलाच जाताना तसंच फुटलं होतं, ब्लेडला आतून तडा जाऊन, हे किती जणांच्या लक्षात होतं? त्या 2018 च्या तपासात निघालं की आधीच्या तपासणीत त्या ब्लेडवर खूण दिसली होती पण ती रंगामुळे आली असेल असं समजून ब्लेड परत इंजिनात बसवला गेला आणि ही तपासणी करणाऱ्यांचं ट्रेनिंगसुद्धा पुरेसं नव्हतं. खरी बातमी ही होती. पण हे बाहेर येईपर्यंत 2020 उजाडलं आणि तोवर माध्यमं केव्हाच दुसरीकडे गेलेली.

एअरलाइनने नीट वागायचं ठरवलं तर वागता येतं. 4 नोव्हेंबर 2010 ला ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनच्या एअरबस ए-380 चं इंजिन सिंगापूरहून निघाल्यावर फुटलं, तुकडे इंडोनेशियाच्या बाटम बेटावर पडले आणि विमान अजून हवेत असतानाच ते कोसळल्याच्या बातम्या सुरू झाल्या. कॅप्टनने 469 जणांना सुखरूप उतरवलं आणि नंतर लाउंजमध्ये जाऊन प्रवाशांना काय घडलं ते स्वतः समजावून सांगितलं, आपला फोन नंबरही दिला. कंपनीने सगळी ए-380 लगेच जमिनीवर उभी केली. लपवाछपवी न करता बोललं की लोक घाबरत नाहीत, उलट विश्वास वाढतो असं माझं ठाम मत आहे.

आणि माहिती विमानाच्या आतसुद्धा नीट फिरली पाहिजे. जानेवारी 1989 मध्ये इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ ब्रिटिश मिडलंडचं विमान पडलं तेव्हा बिघाड डाव्या इंजिनात होता आणि पायलटनी उजवं बंद केलं, तसं अनाउन्सही केलं, मागे बसलेल्या कित्येकांनी डावीकडे ठिणग्या पाहिल्या होत्या पण कॉकपिटपर्यंत कुणीच ते पोचवलं नाही. 47 माणसं गेली.

म्हणून आपल्या पेपरला कळकळीची विनंती. पहिल्या दिवशी निदान एवढं तरी विचारून छापा की इंजिन पायलटने बंद केलं का आपोआप बंद पडलं, मेडे कॉल (जीवाला धोका असल्याचा इशारा) दिला होता का नुसता पॅन-पॅन (तातडीची अडचण, पण लगेच जीवाला धोका नाही), तुकडे बाहेर आले का, आणि एअरलाइनने उत्तर दिलं नाही तर तसंही लिहा. आणि तपास यंत्रणेचा अंतिम रिपोर्ट येईल तेव्हा, तो दोन-अडीच वर्षांनी आला तरी, पहिल्या बातमीइतकीच जागा त्याला द्या. क्वांटासच्या त्या इंजिनाचा अंतिम रिपोर्ट जून 2013 मध्ये आला, कारण होतं तेलाचा एक छोटा पाइप चुकीच्या मापाने बनलेला, तडा जाऊन तेल गळलं, आग लागली आणि टर्बाइनची डिस्क (इंजिनातली वेगाने फिरणारी जड चकती) फुटली. असा रिपोर्ट मराठीत, साध्या भाषेत, आकृतीसकट आला तर आम्ही वाचक तो नक्की वाचू.

आपला,
एक नियमित वाचक