पत्ता आधी कुठे शोधायचा?

माननीय संपादक,

सर्व्हरचा आयपी पत्ता बदलल्यानंतरही काही प्रणाली जुन्याच पत्त्यावर का जात राहतात, याविषयी आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील लेखात ‘डीएनएसमधला बदल सगळीकडे पोचायला वेळ लागतो’ एवढेच कारण दिले आहे (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणारी नेटवर्कवरची व्यवस्था). ते खोटे नाही. पण युनिक्स सर्व्हरच्या बाबतीत ते अपुरे आहे, आणि या एका वाक्याच्या आडोशाला बरीच हयगय खपून जाते, असे माझे मत आहे.

युनिक्सवरचा एखादा प्रोग्राम नाव देऊन पत्ता मागतो, तेव्हा तो सहसा स्वतः डीएनएसकडे जात नाही. तो सिस्टिमच्या लायब्ररीतील रिझॉल्व्हरला, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या भागाला, विचारतो, आणि कोणाकडे आधी चौकशी करायची हे रिझॉल्व्हर एका कॉन्फिगरेशन फाइलवरून ठरवतो. लिनक्सवर ही फाइल म्हणजे /इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ. तिच्यातील ‘होस्ट्स’ने सुरू होणाऱ्या ओळीत ‘फाइल्स डीएनएस’ असा क्रम असेल, तर आधी /इटीसी/होस्ट्स ही त्याच मशीनवरची नावे-पत्त्यांची फाइल वाचली जाते आणि तिथे नाव सापडले की शोध संपतो. डीएनएसला कोणी विचारतही नाही. त्यामुळे कधीकाळी चाचणीसाठी त्या फाइलमध्ये टाकलेली ओळ काढायची राहून गेली असेल, तर नेमसर्व्हरवर (डीएनएसची उत्तरे देणाऱ्या सर्व्हरवर) कितीही अचूक बदल करून चोवीस तास काय, महिनाभर वाट पाहिली, तरी तो सर्व्हर जुन्याच पत्त्यावर जाणार. डीएनएसच्या नोंदीला टीटीएलची, म्हणजे ती किती वेळ जपून ठेवायची याची, मुदत असते. होस्ट्स फाइलमधली नोंद कोणी पुसेपर्यंत तशीच राहते.

खरा घोळ होतो तो तपासणीच्या वेळी. बहुतेक जण ‘डिग’ किंवा ‘एनएसलुकअप’ चालवतात, त्यात नवा पत्ता दिसतो, आणि ‘आमच्याकडून सगळे बरोबर आहे’ असे उत्तर देऊन तक्रार बंद केली जाते. मात्र लिनक्सवर ही दोन्ही साधने नेमसर्व्हरलाच विचारतात. एनएसस्विचमध्ये लावलेल्या क्रमाकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. प्रोग्रामला कोणता पत्ता मिळतो आहे हे पाहायचे असेल, तर ‘गेटएंट होस्ट्स’ ही कमांड देऊन पुढे ते नाव लिहावे, कारण ती ठरलेल्या क्रमानेच शोध घेते. ‘डिग’ आणि ‘गेटएंट’ यांची उत्तरे जुळली नाहीत, की नेमसर्व्हरचा पिच्छा सोडून त्याच मशीनवरची होस्ट्स फाइल, आणि ‘एनएससीडी’सारखी कॅश (आधीची उत्तरे जपून ठेवणारी सेवा) चालू असल्यास तीही, उघडून पाहावी.

यावर उपाय म्हणून डीएनएस आधी आणि फाइल नंतर असा उलटा क्रम लावावा, असे सुचवणारेही भेटतात. मला ते पटत नाही. लिनक्समधील रिझॉल्व्हर /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ या नेमसर्व्हरांच्या यादीच्या फाइलमधले जास्तीत जास्त 3 नेमसर्व्हर वापरतो, आणि वेगळे काही सांगितले नसेल तर उत्तरासाठी प्रत्येकाची 5 सेकंद वाट पाहतो. म्हणजे यादीतला पहिलाच नेमसर्व्हर गप्प असेल, तर शेजारच्या डेटाबेस सर्व्हरचे नाव होस्ट्स फाइलमध्ये लिहिलेले असूनही ते शोधताना 5 सेकंदांचा भुर्दंड पडतो, आणि नेटवर्क पुरते सुरू होण्याआधी चालू होणाऱ्या सेवांची तर याहून वाईट गत होते. फाइल आधीच असावी. फक्त तिच्यात लोकलहोस्ट, सर्व्हरचे स्वतःचे नाव आणि नेमसर्व्हर बंद असतानाही ज्यांच्यावाचून चालणार नाही अशी मोजकी नावे, याखेरीज काही ठेवू नये.

एनएसस्विच.कॉन्फमधील ‘होस्ट्स’च्या त्याच ओळीत चौकटी कंसात लिहिल्या जाणाऱ्या अटींकडे मात्र फारच कमी लोकांचे लक्ष जाते. डेस्कटॉप लिनक्सवर पुष्कळदा ‘फाइल्स’च्या पुढे ‘एमडीएनएस4_मिनिमल’ (मल्टिकास्ट डीएनएस, म्हणजे स्थानिक नेटवर्कवरच्या यंत्रांनी नेमसर्व्हरविना एकमेकांची नावे शोधण्याची पद्धत), मग ‘[नॉटफाउंड=रिटर्न]’ आणि शेवटी ‘डीएनएस’ असा क्रम आढळतो. ‘नाव सापडले नाही, असे उत्तर आले तर तिथेच थांब’, असा त्या कंसाचा अर्थ. हीच ओळ सर्व्हरवर जशीच्या तशी आली आणि संस्थेची अंतर्गत नावे ‘.लोकल’ने संपत असली, तर शोध डीएनएसपर्यंत पोचण्याआधीच थांबू शकतो. ‘.लोकल’ हा प्रत्यय 2013 साली आरएफसी 6762 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवला आहे, तेव्हा अंतर्गत नावांसाठी तो न वापरणेच बरे.

शिवाय लेखात ‘युनिक्स’ हा शब्द सरसकट वापरला आहे, पण सगळ्या युनिक्सचा रिवाज एक नाही. एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्समध्ये काहीच ठरवले नसेल तर डीएनएस आधी आणि स्थानिक फाइल शेवटी वाचली जाते. तिथे क्रम बदलायचा तर /इटीसी/नेटएसव्हीसी.कॉन्फमध्ये ‘होस्ट्स=लोकल,बाइंड’ असे लिहावे लागते (इथे ‘बाइंड’ म्हणजे डीएनएस), आणि ‘एनएसऑर्डर’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोणी लावून ठेवले असेल तर या फाइललाही ते जुमानत नाही. सोलारिस 11 या ओरॅकलच्या युनिक्समध्ये एनएसस्विच.कॉन्फ दिसते खरी, पण मूळ सेटिंग एसएमएफ या सेवा व्यवस्थेत असते, त्यामुळे फाइलमध्ये हाताने केलेली दुरुस्ती पुढे पुसली जाते. जुनी पुस्तके ज्या /इटीसी/होस्ट.कॉन्फमध्ये ‘ऑर्डर होस्ट्स,बाइंड’ लिहायला सांगतात, ती ओळ आजच्या लिनक्सवर क्रम ठरवत नाही. तरीही ती अजून भक्तिभावाने लिहिली जाते.

सर्व्हर ताब्यात देताना कंत्राटदार जी कागदपत्रे देतात, त्यांत आयपी पत्ते, पासवर्डचे नियम, बॅकअपच्या वेळा असे सगळे असते, पण नावे कोणत्या क्रमाने शोधली जातात आणि होस्ट्स फाइलमधली प्रत्येक ओळ कोणी व का घातली, हे मी क्वचितच लिहिलेले पाहिले आहे. आपल्या लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात या दोन नोंदींचा आणि ‘गेटएंट’चा उल्लेख अवश्य व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर