पहिल्या वर्षाला जग शिकवताना

परभणी

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

बी.ए. प्रथम वर्षाचा ‘जगाचा प्रादेशिक भूगोल’ तुझ्या वाट्याला आला, हे बरं झालं. हा पेपर हलका समजून नव्या माणसाच्या गळ्यात टाकायची रीत जुनीच आहे. खरं तर तो सगळ्यात अवघड. एका सत्रात अख्खं जग उरकायचं, आणि समोर निम्म्या लेकरांनी बारावीला भूगोल घेतलेला नसतो.

आधी तासांचा हिशोब. चार श्रेयांक म्हणजे कागदावर ६० तासिका. तू ४५ धरूनच आखणी कर. गणपती, युवक महोत्सव, परीक्षांची कामं यांत बाकीच्या जातात. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं की वर्ग ओस पडतो, आणि पुढे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिसेनाशी होतात. म्हणून अवघड ते सगळं जुलै-ऑगस्टात संपव. ४५ पैकी पहिल्या ९ तासिका नकाशा, अक्षांश, वारे आणि ‘प्रदेश’ ही संकल्पना यांना दे, आठ प्रदेशांना प्रत्येकी ४, आणि उरलेल्या ४ नकाशाच्या चाचण्यांना. दक्षिण आशियाला वेगळ्या तासिका नकोत. तो तुलनेसाठी रोजच येणार आहे.

देशांच्या याद्या देऊ नकोस. राजधानी, चलन, मुख्य पिकं अशी वही भरून घेतली तर मुलं खूश होतात, कारण पाठ करायला सोपं. पण परीक्षेनंतर त्यातलं काही उरत नाही. प्रत्येक प्रदेशाला एकच प्रश्न लाव आणि चारही तासिका त्याच्या उत्तरामागे लाव. तुलनेला मराठवाडा घे. मुलांना जे डोळ्यांनी दिसतं त्यावरूनच पुढचं समजतं.

विभागात ३० सेंमी व्यासाचा पृथ्वीगोल असेलच, पहिल्या आठवड्यात तोच वर्गात ने. त्यावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणायला सांग. तो सायबेरियावरून थेट आर्क्टिककडे चढतो आणि ३२ सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे सुमारे १३,५०० किमी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हा मार्ग कोणालाही सापडत नाही. मग मर्केटरच्या प्रक्षेपणाकडे, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एका रीतीकडे वळ. ६० अंशांवर त्यात लांबी दुप्पट होते, म्हणून क्षेत्रफळ चौपट. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे आणि आपला भारतसुद्धा दीडपट. उठावाचा पृथ्वीगोल दिसला तर हेही सांग, की या मापात एव्हरेस्ट फक्त ०.२ मिमी उंच हवा. बोटाला लागणारे डोंगर सोयीसाठी फुगवलेले असतात.

नंतर २० अंश उत्तर अक्षवृत्त. एवढा एक तास नीट झाला तर अर्धा पेपर सोपा होतो. छत्रपती संभाजीनगर जवळपास याच रेषेवर, १९.९ अंशांवर. मुलाला बोट ठेवून पश्चिमेकडे सरकायला लाव: ओमान, सौदीचं रुब अल खाली, तांबडा समुद्र, सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया. अरबस्तानापासून अटलांटिकपर्यंत बहुतेक सगळं वाळवंट. अटलांटिक ओलांडला की क्युबाचा दक्षिण भाग, मग मेक्सिको. मेक्सिको सिटी १९.४ अंशांवर, पण २,२४० मीटर उंचीवर, त्यामुळे तिथला मे आपल्यासारखा भाजत नाही. उलट पूर्वेकडे गेलं तर पुरीचा किनारा, म्यानमारची राजधानी नेपिडॉ, लाओस, व्हिएतनाम, हैनान: भाताचा मुलूख. दिवसाची लांबी तीच, सूर्याचा कोन तोच, मग पाऊस एवढा वेगळा का?

पहिलं उत्तर हमखास येतं: ‘समुद्रापासून लांब म्हणून वाळवंट’. लगेच मॉरिटानियाचा किनारा दाखव, वाळवंट अटलांटिकला जाऊन भिडतं. चिलीचं आरिका तर ऐन समुद्रकाठी आणि वर्षाचा सरासरी पाऊस १ मिमीपेक्षाही कमी. तिथून मग क्रमाने सांग: उपोष्ण पट्ट्यात वरून खाली उतरणारी कोरडी हवा, पश्चिम किनाऱ्यांना थंड प्रवाह (चिली-पेरूला हम्बोल्ट, नामिबला बेंग्वेला), आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्या आशियावर तयार होणारा कमी दाब, जो हिंदी महासागराची ओली हवा ओढून घेतो. मान्सून नसता तर आपल्या अक्षांशाला कोरडं राहणंच जास्त स्वाभाविक होतं, हे मुलांना त्या तासाला पटतं.

पर्जन्यछाया (डोंगरापलीकडचा कमी पावसाचा भाग) हा शब्द सगळ्यांना पाठ असतो, कारण मात्र चुकीचं लिहितात: ‘डोंगर ढग अडवतो’. फळ्यावर गणित मांड. कोकणातली हवा २८ अंश. वर चढताना संपृक्त होईपर्यंत, म्हणजे आणखी वाफ मावेनाशी होईपर्यंत, दर १,००० मीटरला १० अंश थंड होते. ४०० मीटरवर ढग तयार झाला असं धर, तिथं २४ अंश. त्यापुढे वाफेचं पाणी होताना उष्णता मोकळी होते, म्हणून थंड होण्याचा वेग दर १,००० मीटरला साधारण ६ अंशांवर येतो. १,२०० मीटरच्या माथ्यावर १९.२ अंश. पाणी पश्चिम उतारावरच सांडलेलं. आता ही हवा ६०० मीटरच्या पठारावर उतरते, परत दर १,००० मीटरला १० अंशांनी तापत: २५.२ अंश. चढताना याच उंचीवर ती २२.८ होती. म्हणजे हवा जास्त गरम आणि जास्त कोरडी झाली, सापेक्ष आर्द्रता घसरली. मराठवाड्यात पावसाळ्यात नुसते पांढरे ढग धावताना का दिसतात, त्यात हे एक मोठं कारण. (मूल्यं ढोबळ आहेत, हे वर्गात सांग. नाहीतर हुशार मुलगा तीच तापमानं उत्तरपत्रिकेत खरी नोंद म्हणून लिहितो.) मग तेच गणित अँडीजला लाव. दक्षिण चिलीत पश्चिमी वारे येतात, पश्चिम उतारावर २,००० मिमीहून जास्त पाऊस आणि पलीकडे अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात २०० च्या आसपास. इथं एक सापळा आहे. सह्याद्री आणि दक्षिण अँडीज, दोन्हींची छाया पूर्वेला पडते, म्हणून मुलं ‘छाया नेहमी पूर्वेला’ असा नियम बनवतात. त्याच अँडीजच्या उत्तर भागात व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, पाऊस अ‍ॅमेझॉनच्या बाजूला आणि पेरूचा पश्चिम किनारा कोरडा. नियम वाऱ्याचा, दिशेचा नाही.

‘प्रदेश’ शिकवायला आपला मराठवाडा उत्तम. काळी जमीन आणि बेसाल्ट धरला तर हद्द एक येते, लातूरच्या मोंढ्यात माल कुठून येतो ते धरलं तर दुसरी, निजामाच्या राज्यातला मराठी भाग धरला तर तिसरी. लोक जिला मराठवाडा म्हणतात ती मुख्यतः तिसरी. औपचारिक, कार्यात्मक आणि लोकमानसातला प्रदेश, हे तिन्ही प्रकार इथंच दिसतात. मग मेक्सिको उत्तर अमेरिकेत की लॅटिन अमेरिकेत, सुदान कुठे घालायचा, या वादाला उत्तर एकच: कोणत्या निकषावर, ते आधी सांगा.

सुरुवात युरोपापासून करू नकोस, क्रमिक पुस्तकात तसं असलं तरी. आफ्रिका आधी घे. विषुववृत्त जवळजवळ मधून जातं, त्यामुळे हवामानाचे पट्टे दोन्हीकडे आरशासारखे मांडलेले मिळतात: मध्ये काँगोचं वर्षावन, दोन्हीकडे सॅव्हाना (उष्ण गवताळ प्रदेश), मग उत्तरेला सहारा आणि दक्षिणेला कलहारी-नामिब, आणि दोन्ही टोकांना हिवाळी पावसाचा भूमध्यसागरी पट्टा. केपटाऊनला पाऊस जून ते ऑगस्टमध्ये, कारण तो तिथला हिवाळा. पूर्व आफ्रिकेची उंच पठारं हा आरसा मोडतात. तेही दाखव, नाहीतर केनियात काँगोसारखं वर्षावन का नाही याचं उत्तर मिळत नाही. ‘आफ्रिकेत लोक असं करतात’ हे वाक्य वर्गात कोणी उच्चारलं की थांबव. ५४ देश आहेत, कोणत्या देशातले लोक ते विचार.

काळ्या मातीवर अर्धा तास घालव, मुलांना त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. भेगा पडणारी, ओली झाली की चिकटणारी ही माती सुदानच्या गेझिरात आहे, इथिओपियाच्या पठारावर आहे, ऑस्ट्रेलियाच्या डार्लिंग डाउन्सला आहे. युक्रेनची चर्नोझम मात्र वेगळी. ती कुजलेल्या गवताच्या सेंद्रिय अंशाने काळी, आपल्या रेगूरमध्ये (काळ्या मातीत) सेंद्रिय अंश कमीच. दोन्ही ‘काळ्या’ म्हणून एकाच खान्यात घालणं ही दरवर्षीची चूक. गेझिरात निळ्या नाईलवर १९२५ मध्ये सेन्नार धरण झालं आणि कापसाची कालव्यावरची शेती उभी राहिली. पैठणचं जायकवाडी पाहिलेल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, फक्त नकाशावर दाखवावं लागतं. मध्य आशियाचा तासही तिथूनच सुरू कर: अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी कापसाला वळवलं आणि १९६० च्या सुमारास ६८,००० चौ. किमी असलेला अरल समुद्र आटत गेला.

लॅटिन अमेरिकेला प्रश्न असा लाव: ब्राझीलमध्ये पीक चांगलं आलं तर आपल्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव का हलतो? तिथल्या माटो ग्रोसो राज्यात काढणी साधारण जानेवारी ते मार्च, आपल्याकडे ऑक्टोबर. गोलार्ध बदलला की पीक दिनदर्शिका कशी उलटते, हे मुलं एका मिनिटात शिकतात. तिथली मूळ सेराडो (गवताळ माळरानाची) जमीन आम्लधर्मी. चुना घालून आणि उष्ण भागाला चालणारी वाणं काढून ती पिकाऊ झाली, त्यात १९७३ मध्ये स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेचा मोठा वाटा. ब्राझील म्हणजे सगळं अ‍ॅमेझॉनचं जंगल, हा समजही इथंच जातो. तुरीचंही तसंच: म्यानमार, मोझांबिक, टांझानिया ही नावं आडतीवर मुलांनी ऐकलेली असतात.

युरोपला लंडन आणि कॅनडातलं विनिपेग यांची तुलना पुरे. विनिपेग दक्षिणेला असूनही जानेवारीची सरासरी उणे १६ च्या आसपास, लंडनची अधिक ५. ‘उष्ण प्रवाह’ एवढंच लिहिणाऱ्याला अर्धेच गुण दे. समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे आणि आडवा मोठा डोंगर नसणं हेही हवं. जपानचे भूकंप शिकवताना किल्लारी निघणारच. ३० सप्टेंबर १९९३ चा तो भूकंप भूपट्टाच्या (पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्याच्या) कडेला नव्हता, आतल्या भागात होता, म्हणून ‘भूकंप फक्त भूपट्टांच्या सीमेवर’ असं कधी लिहून देऊ नकोस. लातूर-धाराशिवची लेकरं वर्गात असतील तर जरा जपून बोल.

हवामान आलेख प्रत्येकाने स्वतः काढायचा. आलेख कागदावर महिन्यांच्या पावसाचे १२ स्तंभ, १ सेंमीला ५० मिमी. सिंगापूर, कैरो, केपटाऊन आणि आपलं परभणी. चेरापुंजी दिलंस तर जुलैचा स्तंभ ६० सेंमीच्या वर जातो, त्याला वेगळं प्रमाण घ्यावं लागतं. ते मुलांना आपलं आपण कळू दे.

नकाशाची चाचणी प्रत्येक प्रदेशानंतर दहा मिनिटांची, कोऱ्या आराखड्यावर १५ ठिकाणं. त्यांतली ५ देशांची, बाकी नद्या, पर्वत, प्रवाह. जागा थोडी सरकली तर गुण कापू नकोस, पण नदी डोंगरावर चढली तर शून्य. सत्राच्या पेपरात ‘माहिती लिहा’ हा प्रश्न टाळ. ‘कारणे द्या’ आणि ‘दोन ठिकाणांच्या आलेखांवरून हवामान ओळखा’ हे घाल, उत्तरं तपासायलाही सोपी जातात.

तब्येत सांभाळ. पहिल्या सत्रात घसा बसतो, पाण्याची बाटली वर्गात ठेव.

तुझी,
आई

ता. क. विभागातले जुने भिंतीवरचे नकाशे टांगण्याआधी तपास. सुदान एकच दिसला, दक्षिण सुदान वेगळा नसला, तर तो जुलै २०११ च्या आधीचा. स्वाझीलंडचं एस्वातिनी २०१८ मध्ये झालं, उत्तर मॅसेडोनिया २०१९ मध्ये. भारत असलेला कोणताही नकाशा झेरॉक्सला देताना सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून घे. इंटरनेटवरून उतरवलेल्या कित्येक नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाख चुकीचे असतात.