पत्रच का लिहिले, ते सांगते

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

सोमवारी मी इथल्या विद्यापीठाला होकार कळवला. नेमणूक कायमची आहे, म्हणजे पाच वर्षांनी पेडण्याला परत येते असे जे मी सोप्यावर बसून कबूल केले होते, ते आता पाळता येणार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी लिहिले असते तर आईने मधला सगळा मजकूर धास्तीतच वाचला असता.

गोव्यात शिकवायला मिळाले असते, हे मला मान्य आहे आणि बाबांनी पाठवलेली जाहिरात मी चार वेळा वाचली. पण प्रयोगशाळा उभी करण्यात इथे चार वर्षे गेली, सहा विद्यार्थ्यांचे काम अर्ध्या वाटेवर आहे, पगार चांगला आहे, उन्हाळ्याची सुट्टी मोठी असते, आणि मोपाचा विमानतळ झाल्यापासून घर पूर्वीइतके लांबही राहिलेले नाही. कारणे इतकी झाली की माझी मलाच त्यांची शंका येऊ लागली आहे.

बाबा, नाटक-सिनेमा बघणाऱ्यांचा अभ्यास करायला एवढ्या लांब कशाला जायला हवे, असे तुम्ही नेहमी विचारता. विषय मी घरूनच आणला आहे. जत्रेच्या नाटकात तुम्ही दुःशासन केलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी तुम्हाला दारात उभेदेखील केले नाही, आणि ‘माझे बाबा तसे नाहीत’ असे सांगत मी रडत वाडाभर हिंडले. पुढे डॉल्फ झिलमान यांचा सिद्धांत वाचला, तेव्हा त्या आजीच डोळ्यांसमोर आल्या. प्रेक्षक नुसता बघत नसतो, तो प्रत्येक पात्राच्या वागण्याचा निवाडा करत असतो, आणि कोणाचे भले व्हावे, कोणाला शासन व्हावे, ही त्याची इच्छा त्या निवाड्यातून येते, असे झिलमान म्हणतात. मिशिगन स्टेट विद्यापीठातील रॉन टॅम्बोरिनी यांनी त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. काळजी, न्याय, निष्ठा, थोरांचा मान, पावित्र्य या आपल्या उपजत जाणिवांपैकी कोणती जाणीव आपण जे पाहतो त्याने जागी होते, आणि जागी झालेली जाणीव पुढे आपल्याला काय पाहायला लावते? मी याच वाटेने आभासी वास्तवाकडे वळले.

आई, मागच्या मे महिन्यात तुझ्या डोळ्यांवर हेडसेट चढवला, तेव्हा ‘ही घोड्याची झापडं आधी काढ’ म्हणालीस. पण समोरून लाट येताच तू दोन्ही हातांनी निऱ्या घोट्यांच्या वर उचलल्यास. पायाखाली आपल्या सोप्याचा तांबडा कोबा कोरडा ठणठणीत आहे, हे तुला पुरते ठाऊक होते आणि तरीही तू एक पाऊल मागे घेतलेस. मी वर्गात अजून तेच उदाहरण देते.

आता मुद्द्याचे. येल विद्यापीठात १९६१ साली स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी माणसांना, पलीकडच्या खोलीतला विद्यार्थी चुकला की त्याला विजेचा धक्का द्यायला सांगितले. धक्के खोटे होते, पण देणाऱ्यांना ते खरे वाटत होते. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. समोरच्याचा हात स्वतः धरून विजेच्या पट्टीवर दाबायची वेळ आली, तेव्हा मात्र तेवढ्यापर्यंत जाणारे ३० टक्केच उरले. २००६ साली मेल स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये हाच प्रयोग संगणकाने घडवलेल्या बाईवर केला. ती खरी नाही, हे ३४ जणांपैकी प्रत्येकाला माहीत होते. तरीही ज्या २३ जणांना ती दिसत आणि ऐकू येत होती त्यांची घालमेल झाली, काही मध्येच थांबले. ज्या ११ जणांचा तिच्याशी संबंध केवळ लिहिलेल्या अक्षरांतून येत होता, ते सगळे शेवटपर्यंत गेले.

आई, रविवारी व्हिडिओ कॉलवर तू चष्मा कपाळावर सरकवून ‘मग, येतेस ना?’ असे विचारलेस, तेव्हा आवाज तुटतोय असे मी म्हटले. आवाज तुटत नव्हता. तुझा चेहरा दिसत असताना हे बोलणे मला जमणार नाही आणि कागदावर जमेल, हे मला माझ्या विषयानेच शिकवले आहे. म्हणून हे पत्र.

दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत मी घरीच असेन, माडीवरच्या खोलीत बसून लिहीन आणि सकाळी पेज तुमच्याबरोबर घेईन. चतुर्थीला मात्र येता येणार नाही, कारण सत्र तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते. म्हणून गणपतीच्या वर माटोळी बांधायला बाबांनी शिडीवर चढायचे नाही, ते काम काकांच्या धाकट्याकडे द्यायचे. पाववाल्या पोदेराकडून मैद्याचे उंडे बंद करून कोंड्याची पोई घ्यायची, साखर दर महिन्याला तपासायची आणि आकडा मला खरा सांगायचा. आईने गुडघ्याचे दुखणे ‘पावसाचे आहे’ म्हणून अंगावर काढायचे नाही. आजीच्या वेळी आपण जसे थांबलो, तसे पुन्हा थांबायचे नाही. म्हापशाला डॉक्टरांकडे जाताना बस नको, गाडी ठरवून जा. पैशांचे मी बघते; आणि हे अपमान वाटून घेण्यासारखे नाही, बाबा. माझ्या शिक्षणाला तुम्ही कोणता बागायतीचा तुकडा दिलात, ते मी विसरलेले नाही.

हेडसेटला दमट हवा सोसत नाही, तो आठवणीने तांदळाच्या डब्याशेजारच्या कोरड्या कप्प्यात ठेवा.

पत्र पोचले की रविवारी कॉल करा, पण चेहरे दिसतील असाच करा. रागवायचे असेल तर तेव्हा रागवा. मी आवाज तुटतोय म्हणणार नाही.

तुमची,
बाय