आत्याचा निरोप

पुणे
चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

तुला लोहगाव विमानतळावर सोडून परत येताना आई रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आलो तर मेथीच्या लाडवांचा डबा ओट्यावरच. तू मुद्दाम विसरलीस, असं तिचं म्हणणं.

आगीबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय. पण तू मुलींच्या शाळेच्या कामाला गेलीस त्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत २०२१ च्या मार्चमध्ये हजारो खोपटी जळाली, ते फोटो तूच दाखवलेस ना? आणि वर्गही बांबू-ताडपत्रीचे, कारण पक्कं बांधू देत नाहीत. २०२५ मध्ये निधी आटून कित्येक वर्ग बंद पडले, तेव्हा वाटलं, आता तू जायची नाहीस. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

वयात आलेल्या मुली वर्गात यायच्या थांबतात, हे तू सांगत होतीस आणि मी म्हणालो, "पुण्यात मुली कमी आहेत का?" चुकलंच माझं.

पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ ला, मी दुसरीत होतो. नारायण पेठेतलं घर गेलं, गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत आलो. मला लगेच शाळेत घातलं. ताईआत्या सहावीत, तिच्या वाट्याला नळाची रांग आणि कडेवर बेबी. "पुढच्या वर्षी जाईल," अण्णा म्हणाले. तिची कंपासपेटी गाळात सापडली, झाकण उघडेना. तिने केसांच्या आकड्याने बिजागरी कोरून कोरून साफ केली, उन्हात वाळवली आणि मला देऊन टाकली. मी मॅट्रिकपर्यंत वापरली. तिला तेव्हा काय वाटलं असेल, हे आजवर विचारलं नाही.

काल तिला तुझं काम सांगितलं. म्हणाली, "मुलींना शाळेत बोलवायच्या आधी, घरी पाणी कोण भरतं ते बघ म्हणावं."

तेव्हा आधी आयांशी बोल. मुलींना न्यायला-आणायला कुणी बाई असेल, तर तिला धरून राहा. ऐकलं नाही तर आवाज चढवू नकोस, तुझा चढतो. झालं, लागलो प्रवचन करायला. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आत्यालाही मी तेच सांगितलं, चांगलं दोनदा.

लाडू कुरिअरने येतील का तिथे?

आणि वर्गाला दारं किती आहेत, बाहेर उघडतात की आत, चुली किती लांब, तेवढं कळव.

तुझा,
बाबा