जॉन डेचं दुकान आणि तिथली पत्रं

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबा विचारत होते, "दीडशे वर्षांपूर्वीचं एक दुकान बघायला इतक्या लांब गेलात?" रायगड-राजगड पायाखाली घातलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण त्या दुकानातून बाहेर पडल्यापासून मला तुम्हा दोघांशी त्याबद्दल बोलायचं आहे, आणि ते फोनवर नीट होत नाही. म्हणून हे पत्र.

गावाचं नाव जॉन डे, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात. आमच्या पोर्टलंडहून सव्वाचारशे किलोमीटर, पाच तासांचा रस्ता. माउंट हूडचा डोंगर ओलांडला की आमच्याकडची गर्द झाडी आणि पाऊस मागे पडतो. पुढे उघडे डोंगर, पिवळं गवत, गुरं आणि मैलोन् मैल कोणी नाही. बाबा, आपल्या माण-खटावकडे उन्हाळ्यात जमीन दिसते तशीच. गावाची वस्ती जेमतेम सतराशे. तिथून तीन किलोमीटरवर कॅन्यन सिटी नावाचं आणखी लहान गाव. तिथल्या ओढ्याकाठी 1862 साली सोनं सापडलं आणि बघता बघता तंबू, गुत्ते, जुगाराचे अड्डे उभे राहिले. त्याआधी हा सगळा मुलूख पायूट या तिथल्या मूळ लोकांचा. सोन्यासाठी आलेल्यांनी त्यांना हटवलं, आणि वाटसरूंच्या रक्षणासाठी म्हणून लष्करी रस्ते झाले. हा भाग तिथल्या पाट्यांवर फार थोडक्यात उरकलाय, ते मला खटकलं.

कॅन्यन सिटीत आधी गेलो. जिल्ह्याचं संग्रहालय आहे, वॉकीन मिलर नावाच्या कवीचं लाकडी घर आहे. हा कवी तिथे न्यायाधीश होता. 1876 चं एक सुबक लाकडी चर्च आहे. नातू तुमचा तिथल्या जुन्या लाकडी कोठडीत जाऊन गजांना धरून उभा राहिला, फोटो पाठवलाय. बाकी गाव इतक्या वेळा आगीत जळलंय की फारसं काही शिल्लक नाही.

खरं बघण्यासारखं आहे ते जॉन डेमध्ये. वरवरचं सोनं संपलं तसे गोरे खाणवाले पुढच्या खाणींकडे गेले आणि उरलेली वाळू, गाळ धुवायला चिनी मजूर आले. एक वेळ अशी होती की पूर्व ऑरेगनच्या खाणींत गोऱ्यांपेक्षा चिनी माणसं जास्त होती. कॅन्यन सिटीतली त्यांची वस्ती 1885 च्या आगीत जळाली आणि ती मंडळी जॉन डेला आली. तिथे लष्करी रस्त्यालगत 1860 च्या दशकात बांधलेली एक दगडी इमारत होती. 1880 च्या दशकाच्या शेवटी ती इंग हेय आणि लुंग ऑन या दोन तरुण चिनी भागीदारांनी घेतली. दुकानाचं नाव काम वा चुंग.

बाहेरून बघितलं तर एखादं गोदाम वाटेल. जाड दगडी भिंती, लहान खिडक्या, दाराला पत्रा ठोकलेला. दारू पिऊन आलेले लोक चिनी वस्तीवर गोळ्या झाडायचे, म्हणून ही तयारी. आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा जाणवतो तो अंधार. छत बुटकं आणि काळंकुट्ट, साठ वर्षांच्या उदबत्त्यांच्या आणि चुलीच्या धुराने. मग डोळे सरावले की एकेक दिसायला लागतं. फळ्यांवर डबे, तंबाखूच्या डब्या, चहाच्या पेट्या, सगळं जसंच्या तसं. एका कोपऱ्यात देवघर, आणि देवापुढे ठेवलेली संत्री अजून तिथेच आहेत, वाळून सुपारीसारखी टणक झालेली. शेवटचा नैवेद्य कोणी उचललाच नाही. मी त्या संत्र्यांपुढे बराच वेळ उभी राहिले. पाठीमागे लोक खोळंबले होते.

आई, आता तुझ्यासाठी लिहिते. इंग हेय वैद्य होता. त्याची औषधांची खोली जाळीमागे आहे, आणि तिथे पेट्या, खोके, डब्यांतून पाचशेहून जास्त प्रकारची औषधं निघाली. मुळ्या, साली, बिया, वाळलेली फुलं. जाळीपाशी उभी राहिले आणि मला सरळ नानांची ओसरी आठवली. तू लहानपणी त्यांना खलात चूर्णं कुटून द्यायचीस, हिरडा कुठला आणि बेहडा कुठला हे वासावरून सांगायचीस, ते सगळं. ज्येष्ठमध आणि सुंठ तर चिनी वैद्यकातही चालतात. आणि ऐक, हा माणूस नाडी बघून निदान करायचा! मनगटावर बोटं ठेवून. सुरुवातीला फक्त चिनी लोक यायचे, मग गुराखी, शेतकरी, त्यांच्या बायका, सगळा जिल्हा यायला लागला. आसपासच्या गोऱ्या डॉक्टरांना ते खुपलं. परवान्याशिवाय वैद्यकी करतो म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला, पण त्याला दोषी ठरवायला कोणी तयार होईना, कारण ज्याच्या-त्याच्या घरात त्याच्या काढ्याने बरं झालेलं कोणी ना कोणी होतंच. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, तरी लोक यायचे.

त्याच्या पलंगाखाली न वटवलेले चेक सापडले, सगळे मिळून तेवीस हजार डॉलरच्या वर. तिथली माणसं सांगतात की मंदीच्या दिवसांत गरिबांनी दिलेले चेक तो बँकेत टाकतच नसे. मला हे पटतं. नानाही कुणाकुणाचे पैसे वहीत मांडून ठेवायचे आणि ते पान परत उघडायचे नाहीत.

लुंग ऑन अगदी वेगळा. उत्तम इंग्रजी बोलणारा, व्यवहारात पक्का, घोड्यांच्या शर्यतींचा शौकीन. मजुरांना काम मिळवून द्यायचा, ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं लिहून द्यायचा. पुढे तर त्याने मोटारी विकायला सुरुवात केली. म्हणजे हे दुकान किराण्याचं, दवाखाना तेच, पोस्ट तेच, देऊळ तेच, आणि रात्री मुक्कामाला येणाऱ्यांसाठी भिंतीला लावलेल्या फळ्यांच्या खाटाही तिथेच.

आणि त्या दुकानात पत्रं सापडली. चीनमधून आलेली, घरच्यांची. दोघांचीही बायकामुलं तिकडे ग्वांगडोंग प्रांतात होती. इंग हेय वडिलांबरोबरच अमेरिकेत आला होता. वडील परत गेले, हा राहिला. लुंग ऑनला घरून पत्रं यायची, ये म्हणून. तो गेला नाही. दोघंही कधीच गेले नाहीत. आमच्याबरोबरच्या एक बाई पटकन म्हणाल्या, "किती कठोर माणसं." मला ते बोलणं अजिबात आवडलं नाही. 1882 साली अमेरिकेने चिनी मजुरांना यायला बंदी केली, आणि 1888 साली असा कायदा केला की जे मजूर घरच्यांना भेटायला गेले त्यांनाही परत घ्यायचं नाही. चिनी मजुरांवरची बंदी 1943 पर्यंत टिकली. दुकानदारांना थोडी सवलत होती, तेव्हा या दोघांना अगदीच वाट नव्हती असं नाही. पण अवतीभवतीची माणसं गेली की परतत नाहीत हे रोज बघणाऱ्याचं पाऊल कसं उचलेल? शिवाय इथे त्यांच्यावर अवलंबून असलेला अख्खा गाव होता. लुंग ऑन 1940 मध्ये वारला. इंग हेय 1948 मध्ये कंबरेचं हाड मोडून पोर्टलंडला आला आणि 1952 मध्ये वारला. जॉन डेच्या दफनभूमीत दोघं शेजारी शेजारी आहेत.

दुकानाला कुलूप लागलं. पुढे ती इमारत संग्रहालय करावं या अटीवर गावाला दिली गेली आणि गाव विसरूनही गेलं. 1967 च्या सुमारास बागेसाठी जमीन बघताना लक्षात आलं की ही इमारत आपलीच आहे. कुलूप काढलं तर आत सगळं तसंच. 2005 पासून ते राष्ट्रीय महत्त्वाचं ऐतिहासिक स्थळ आहे. बाबा, तुम्ही म्हणता ना की गडावर वाडे गेले आणि नुसती जोती राहिली, सामान्य माणूस कसा जगत होता ते कळायला काहीच उरलं नाही. इथे नेमकं तेच उरलंय. म्हणून मला वाटतं की तुम्ही हे बघायलाच हवं.

त्या पत्रांवरून एक बोलते. बाबा, गणपतीत तुम्ही विचारलं होतं, कायमचे परत कधी येणार. मी तेव्हा विषय बदलला, आणि तुम्हीही सोडून दिलंत. खरं उत्तर असं की आम्ही अजून ठरवलेलं नाही. नातवाची शाळा आहे, यांची नोकरी आहे, आणि मला इथलं काम आवडतं, हेही तेवढंच खरं. पण माझ्यासाठी कोणी दार बंद केलेलं नाही. तिकीट काढलं की दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात. तेव्हा येत्या दिवाळीला मी येते आहे, हे नक्की. पाडव्याला बाबांना ओवाळायला तू एकटी नसशील, आई. आणि तुमच्या मनात काही असेल तर ते मला स्पष्ट लिहा. माझ्या जिवाला लागेल म्हणून मनात ठेवू नका.

त्याआधी तुम्ही जूनमध्ये इकडे या. दुकान मे ते ऑक्टोबरच उघडं असतं, तिकीट नाही, आणि माहिती सांगणारा माणूस छोट्या गटाला घेऊन आत नेतो. आई, गुडघ्यांची काळजी करू नकोस. दुकान तळमजल्यावरच आहे, चढायचं काही नाही. गाडीत एका दमात पाच तास बसायचं नाही, मिचेल गावाजवळ लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या टेकड्या आहेत तिथे थांबू, रात्री मुक्काम करू. तिकडे रात्री उन्हाळ्यातही गार पडतं, तुझी लोकरीची शाल आण. बाबांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. विम्याचे कागद मी इकडून पाठवते. पासपोर्टची मुदत बघून या आठवड्यातच कळवा.

तुमची,
लेक