फायरवॉल आधी चालू कर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, "प्रिंटर जोडला जात नव्हता, तर दुरुस्तीवाल्याने फायरवॉलच बंद करून दिली. आता मस्त चालतंय." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय. फायरवॉल म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये न बोलावता येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी.

तू म्हणशील, घरात राऊटर आहे की. आहे, आणि बाहेरून न बोलावता येणारी जोडणी तो बहुतेक वेळा अडवतोही. पण तुझ्या वायफायवर आत कोण कोण आहे ते बघ. वहिनींचा ऑफिसचा लॅपटॉप, पार्थचे मित्र येतात त्यांचे लॅपटॉप, टीव्ही. यातल्या एखाद्यात व्हायरस शिरलेला असला तर तो राऊटरच्या आतूनच येणार. तिथे तुझ्या कॉम्प्युटरला त्याच्या स्वतःच्या फायरवॉलचाच आधार.

१२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर (फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस) पसरलं ते असंच. कोणी काही क्लिक करायची गरजच नव्हती. फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून आत यायची वाट, उघडं सापडलं आणि विंडोज अपडेट केलेलं नसलं की एका मशीनवरून थेट दुसऱ्यावर. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्णांच्या अपॉइंटमेंट आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, याची मला आजही हळहळ वाटते. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या तशाच व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा बंद पाडली, तेव्हा इथे आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही अडलं. तेव्हा अपडेट पुढे ढकलू नकोस.

प्रिंटरसाठी अख्खी फायरवॉल बंद करावी लागत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये घरचं वायफाय 'प्रायव्हेट' कर. मग फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत 'नेटवर्क डिस्कव्हरी'समोर फक्त प्रायव्हेटच्या रकान्यात टिक कर. बहुतेक प्रिंटर तेवढ्याने सापडतात. 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'ला मात्र हात लावू नकोस, कारण त्यानेच ते ४४५ उघडतं.

आता पार्थबद्दल, कारण मला खरी काळजी त्याची आहे. आपण स्वतःच्या हाताने डाउनलोड करून चालवलेली फाइल फायरवॉल सहसा अडवत नाही. तिथे अँटीव्हायरसच लागतो. फुकटात क्रॅक केलेला गेम देणारे व्हिडिओ तर सर्रास सांगतात, 'आधी अँटीव्हायरस बंद करा' किंवा 'हा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये टाका'. एक्स्क्लूजनमध्ये टाकलेला फोल्डर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, तपासतच नाही. 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन ती यादी आजच बघ. तू न टाकलेलं काही दिसलं तर काढून टाक आणि पूर्ण स्कॅन लाव. पोराला रागावू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. त्याला वेगळं साधं खातं काढून दे, ॲडमिनचा पासवर्ड तुझ्याकडे ठेव.

दोन-दोन अँटीव्हायरस नकोत, ते एकमेकांत अडकतात आणि मशीन रडतखडत चालतं. मुदत संपलेला आधी काढ, मग डिफेंडर आपोआप चालू होतो. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. विकतचा घ्यायचा तर घे, पण दरवर्षी नूतनीकरण करणार असशील तरच. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलची एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटची अक्षरं) दिसतील असं सेटिंग कर. 'वीजबिल.पीडीएफ' वाटणाऱ्या फाइलच्या शेपटाला 'ईएक्सई' असेल, म्हणजे तो प्रत्यक्षात प्रोग्रॅम असेल, तर ते तेव्हाच कळेल.

एवढं करूनही काही घुसलंच, तर बाबांचे हिशेब आणि घरचे फोटो तरी वाचले पाहिजेत. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी घे आणि काम झालं की ती काढून कपाटात ठेव. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यावरच्या फायलींनाही कुलूप घालतं.

रविवारी दुपारनंतर मी घरीच आहे. कॉम्प्युटरसमोर बसून फोन कर, एक्स्क्लूजनची यादी मिळून बघू. बाबांचा गुडघा आता कसा आहे तेही कळव. वहिनींना नमस्कार, पार्थला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश