आई-बाबांना, घराच्या व्यवहाराआधी

म्युनिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

मी मजेत आहे, खाण्यापिण्याची काही आबाळ नाही. लिफ्टच्या इमारतीत जायचं तुम्ही शेवटी ठरवलंत, फार बरं झालं. बाबा गुडघा धरत तीन जिने चढतात हे इथे बसून ऐकवत नाही.

"दोन व्यवहार केलेत मी आयुष्यात, तू तिथून काय शिकवतेस?" असं बाबा म्हणणार. शिकवत नाही, बाबा. कागद इथूनही वाचता येतात, तेवढंच करतेय.

इथली एक रीत सांगते. घर घेताना-विकताना दोघांना नोटारासमोर बसावं लागतं. आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारतात तो नोटरी नव्हे. हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो आणि कुणा एकाच्या बाजूचा नसतो. तो अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवतो. सारांश नाही, शब्दन् शब्द, तास-दीड तास. कायदाच तसा आहे. भाषा कळत नसेल तर दुभाषा बसवतात. मध्येच कुणी "म्हणजे काय?" विचारलं की तो थांबतो, समजावतो, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतो. आणि त्या दिवशी पैसे द्यायचेच नाहीत! आधी जमिनीच्या सरकारी नोंदवहीत घेणाऱ्याच्या नावची राखीव नोंद होते, मगच नोटाराचं पत्र येतं की आता रक्कम भरा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सत्यनारायणाच्या पोथीसारखं वाटलं. आता वाटतं, यातच शहाणपण आहे.

तेव्हा बिल्डरच्या कराराचा मसुदा घरी आणा आणि आईनं तो मोठ्यानं वाचायचा. कार्पेटचा, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेचा, आकडा चौरस मीटरमध्ये असेल, त्याला 10.76 नं गुणलं की चौरस फूट. रेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा; त्याच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, आतल्या भिंती धरतात. ब्रोकर 'सेलेबल', म्हणजे जिना-लिफ्ट वगैरे धरून फुगवलेला, आकडा सांगतो तो विसरा. पार्किंग कव्हर्ड असेल तर त्याचा क्रमांक आणि लांबी-रुंदी करारात हवी. उघडं पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. आणि ताबा कधी, तारखेसकट.

बिल्डर बुकिंगला वीस टक्के मागतोय, ते देऊ नका. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांच्या वर घेणं रेरा कायद्यात बसत नाही. त्याहून महत्त्वाचं, इमारत तयार दिसत असली तरी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे तिथे राहायला सरकारी परवानगी, अजून आलेलं नाही. ते यायच्या आधी टोकन म्हणून जरी काही दिलंत, तरी पूर्ण किमतीवर पाच टक्के जीएसटी बसतो. प्रमाणपत्र आल्यावर पहिला रुपया दिलात तर काहीच नाही. "दुसरं गिऱ्हाईक आहे" असं तो म्हणेल, म्हणू दे. महारेराच्या (आपल्या राज्याच्या रेरा कार्यालयाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून कागद स्वतः बघा.

आता आपला जुना फ्लॅट. त्यावर माझंही नाव आहे, आणि मी परदेशी राहते म्हणून व्यवहार अडू शकतो. घेणाऱ्याला वाटतं, किंमत पन्नास लाख किंवा जास्त असली की तिच्यातून एक टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा कर, कापला की झालं. तुमच्या हिश्शाला ते बरोबर आहे. माझ्या हिश्शावर मात्र साडेबारा टक्के आणि वर सेस, लागू असेल तर अधिभारही कापावा लागतो, तोही नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. कमी कापला तर प्राप्तिकर खातं घेणाऱ्यालाच धरतं, म्हणून हे शेवटच्या आठवड्यात कळलं की माणूस बिचकतो आणि सौदा मोडतो. कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर खात्याकडून मिळतो. तो अर्ज मी इथूनच करते. दाखला हातात येईपर्यंत विसार घेऊ नका. आणि रोख वीस हजार किंवा त्याहून जास्त अजिबात घ्यायची नाही, तेवढाच दंड बसू शकतो.

सहीसाठी बाबांच्या नावे कुलमुखत्यारपत्र करतेय, फक्त या फ्लॅटच्या विक्रीपुरतं. इथल्या आपल्या वकिलातीत सही-शिक्का करून पाठवीन. हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा, नाहीतर उगाच अडेल. घेणाऱ्याकडून ताबा द्यायला तीन महिने मागून घ्या, म्हणजे मधल्या काळात भाड्याच्या घरात सामान हलवायला नको.

नवीन घर एकट्या आईच्या नावे घ्यावं असं मला वाटतं. पुण्यात सात टक्के मुद्रांक आहे, फक्त बाईच्या नावे सहा. ऐंशी लाखांवर ऐंशी हजार वाचतात. बाबांचं नाव जोडलं तर सवलत जाते. बाबा, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. दोघांची मृत्युपत्रं करून ठेवू. मुद्रांकाचे पैसे आणि नोंदणीचे वेगळे तीस हजार, दोन्ही मी पाठवते. मुलीनं आईला दिलेल्या पैशांवर कर नसतो, तेव्हा नको म्हणू नका. एवढं तरी करू द्या.

आत्यानं पाठवलेलं स्थळ पाहिलं. मुलाशी फोनवर बोलेन, पण सुट्टी अजून मंजूर नाही, तेव्हा त्यांना तारीख देऊ नका. मी टाळत नाहीये, खरंच.

नोंदणीच्या दिवशी फोटो आणि अंगठ्यासाठी बराच वेळ बसावं लागतं. बाबांची गोळी आणि पाण्याची बाटली पिशवीत आधीच ठेव, आई. रांगेत तुमच्याबरोबर मी असायला हवी होते.

तुमची,
लेक